नेमणूकपत्राची किंमत

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून निघालेली बस मुर्धे, राई, मोर्वा ही गावे मागे टाकून उत्तनच्या रस्त्याला लागते, तेव्हा शहर संपले असे उगीचच वाटू लागते. मिठागरांचे सपाट तुकडे, खाडीवरून येणारा खारा वारा, मग डोंगरी, तारोडी, पाली, चौक आणि पलीकडे उत्तनचा कोळीवाडा. तारोडी हे या माळेतील एक लहानसे गाव. महापालिकेच्या हद्दीत येऊनही त्याने आपले गावपण पुरते टाकलेले नाही. या पट्ट्यातील मागल्या पिढ्या शेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर जगल्या. आजचा पदवीधर मुलगा किंवा मुलगी मात्र अंधेरी-मालाडच्या कचेऱ्यांकडे डोळे लावून बसते. तेथवर पोहोचायचे म्हणजे आधी बस, मग लोकल, आणि लोकलमधून जीव वाचवून उतरल्यावर पुन्हा रिक्षा किंवा बस. अशा घरातील एखाद्या मुलीच्या मोबाईलवर दुपारच्या निवांत वेळी निरोप येतो, की एका नामांकित कंपनीला घरबसल्या काम करणारी माणसे हवी आहेत, काम दिवसाचे दोन तास, अनुभवाची अट नाही. त्या निरोपाकडे तिने पाहूही नये अशी अपेक्षा करणाऱ्याला या प्रवासाचा अनुभव नाही, एवढेच म्हणावे लागेल.

अशा निरोपांनी फसलेल्यांविषयी एक ठराविक शेरा नेहमी ऐकू येतो : लोभ सुटला, त्याची फळे भोगली. हा शेरा मारणाऱ्यांत सुशिक्षितांचा भरणा अधिक असतो, आणि तो जितका सोपा तितकाच अन्यायाचा आहे. लोभी मनुष्य सट्टा खेळतो, दागिने दुप्पट करून देणाऱ्या बुवाच्या नादी लागतो. नोकरीच्या भूलथापेला बळी पडणारा मनुष्य फुकटचे काही मागत नसतो. तो काम मागत असतो. अर्ज नीट भरावा, मागितलेली कागदपत्रे वेळेवर द्यावीत, सांगितलेले शुल्क मुदतीपूर्वी भरावे, वरिष्ठाला उलट प्रश्न विचारू नये, हे त्याला शाळेपासून शिकवले गेलेले असते. फसवणूक करणारा नेमका याच शिस्तीवर आपला धंदा उभारतो. त्याचे भांडवल उमेदवाराच्या दुर्गुणांत नसून सद्‌गुणांत आहे. ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून या प्रकाराचे खरे स्वरूप कळणार नाही आणि त्यावरचा उपायही सुचणार नाही.

या भूलथापांपैकी सर्वांत चतुर म्हणावी अशी एक थाप ‘मिस्टरी शॉपिंग’ या नावाने चालते. राजा वेष पालटून रात्री नगरात हिंडे आणि प्रजेचे सुखदुःख व कोतवालाची लबाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून येई, अशा गोष्टी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. मोठ्या दुकानांनी व हॉटेलांनी हीच युक्ती व्यापारात आणली. सामान्य गिऱ्हाईक म्हणून एखाद्याला पाठवायचे, त्याने खरेदी करायची, नोकरवर्ग कसा वागला, स्वच्छता कशी होती, पावती दिली की नाही, याचा अहवाल लिहायचा आणि त्याबद्दल माफक मोबदला घ्यायचा. हे काम खरोखर अस्तित्वात आहे आणि ते करणाऱ्या प्रामाणिक संस्थाही आहेत. थापेचे सामर्थ्य त्यातच आहे. अगदी खोट्या गोष्टीपेक्षा खऱ्या गोष्टीची नक्कल अधिक धोक्याची असते. शिवाय या कामाच्या स्वभावातच गुप्तता आहे. ‘कोणाला सांगू नका, दुकानदाराला संशय येऊ देऊ नका’ ही सूचना येथे स्वाभाविक वाटते; आणि ज्याने कोणाला सांगायचे नाही, त्याला सावध करणारा कोणी भेटायचाही नाही.

अमेरिकेत या थापेचे रूप असे असते. उमेदवाराच्या पत्त्यावर एक धनादेश येतो, दोन-तीन हजार डॉलरांचा. त्यातले काहीशे डॉलर मेहनताना म्हणून ठेवावेत, उरलेल्या रकमेची दुकानातून गिफ्ट कार्डे घ्यावीत, त्यांच्यावरचे आकडे कळवावेत आणि दुकानातील सेवेचा अहवाल लिहावा, असे काम सांगितले जाते. तेथील कायद्याप्रमाणे बँकेला धनादेशाची रक्कम थोड्याच दिवसांत खातेदाराला वापरू द्यावी लागते. पण धनादेश बनावट असल्याचे उघड व्हायला कधीकधी काही आठवडे जातात. तोवर कार्डांवरचे पैसे नाहीसे झालेले असतात आणि बँक आपली रक्कम खातेदाराकडून वसूल करते. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकाराविषयी वारंवार इशारे दिले आहेत. शिकण्यासाठी तिकडे गेलेल्या मराठी मुलामुलींच्या दृष्टीने यात आणखी एक पेच आहे. विद्यार्थ्याच्या व्हिसावर विद्यापीठाबाहेर काम करण्यास कडक मर्यादा आहेत. त्यामुळे फसवला गेलेला विद्यार्थी तक्रार करायलाही कचरतो. आपणच नियम मोडला असे ठरेल, ही भीती त्याचे तोंड बंद करते.

आपल्याकडे धनादेशाची जागा मोबाईलवरून क्षणात जाणाऱ्या पैशाने घेतली, आणि थापेनेही आपले रूप बदलले. येथे दुकानात जाण्याचीही गरज नसते. हॉटेलाला चांगला अभिप्राय द्या, एखाद्या चित्रफितीला पसंती दर्शवा, नकाशावरच्या दुकानाला पाच तारे द्या, एवढेच काम. पहिल्या दिवशी खरोखरच दीडशे-दोनशे रुपये खात्यात जमा होतात. या पहिल्या जमेचे महत्त्व फार आहे. घरातल्या साशंक माणसांची तोंडे तिनेच बंद होतात. वडिलांना खात्यातली नोंद दाखवता येते. फसवणाऱ्याने गळाला लावलेले हे आमिष. त्याचा खर्च तो धंद्याचा खर्च म्हणून आनंदाने सोसतो. मग टेलिग्रामवरच्या एका गटात प्रवेश मिळतो. तेथे ‘वरच्या दर्जाचे’ काम असते, आणि त्यासाठी आधी काही रक्कम भरावी लागते : हजार भरा, तेराशे घ्या. तेराशे मिळतातही. पुढे पाच हजार, वीस हजार, पन्नास हजार. पडद्यावर आपल्या नावापुढचा आकडा वाढताना दिसतो, पण तो काढायला गेले की काहीतरी अडते. काम क्रमाने पूर्ण झाले नाही, कर भरावा लागेल, गटातील इतर तिघांचे पैसे तुमच्यामुळे अडकले आहेत. हे शेवटचे कारण तर माणसाच्या सज्जनपणावरच घाव घालते. आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून कर्ज काढून पैसे भरण्यापर्यंत पाळी येते. आणि ते तिघे कोण असतात? बहुधा एकाच खोलीत बसून तीन नावांनी लिहिणारा एकच मनुष्य!

केंद्रीय गृहमंत्रालयाने ६ डिसेंबर २०२३ रोजी अशा प्रकारची शंभरांहून अधिक संकेतस्थळे बंद केल्याचे जाहीर केले. ती परदेशातून चालवली जात होती आणि निवृत्त कर्मचारी, स्त्रिया व बेकार तरुण हे त्यांचे मुख्य लक्ष्य होते, असे सरकारी निवेदनात म्हटले होते. ही यादी वाचताना जाणवते ते हे, की या तिन्ही वर्गांना काम करण्याची इच्छा आहे, वेळ आहे आणि त्या वेळेला बाजारात किंमत नाही.

याच थापेचा दुसरा, अधिक प्रतिष्ठित भाऊ म्हणजे बनावट भरती अधिकारी. तो स्वतःची खोटी कंपनी काढण्याच्या खटपटीत पडत नाही. नावाजलेल्या कंपनीचे नाव उसने घेतो. तिचे बोधचिन्ह पत्राच्या माथ्यावर छापतो, तिच्या खऱ्या अधिकाऱ्याचे नाव व छायाचित्र लावतो, आणि ई-मेलच्या पत्त्यात एखादे अक्षर किंवा एखादी आडवी रेघ एवढाच फरक ठेवतो. मुलाखत बहुतेक लेखी संदेशांवरच उरकते. दोन दिवसांत नेमणूकपत्र येते. त्यात पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी, सर्व काही रीतसर लिहिलेले असते. त्यानंतर हळूच मागणी येते : कागदपत्रांच्या पडताळणीसाठी अडीच हजार, प्रशिक्षणाचे पाच हजार, लॅपटॉपची अनामत दहा हजार, आणि ही सर्व रक्कम पहिल्या पगाराबरोबर परत मिळेल. पैसे जातात ते कंपनीच्या खात्यात नव्हे, कोणा तिऱ्हाईत व्यक्तीच्या खात्यात.

येथे शिकलेल्या माणसाची एक हमखास चूक होते. तो चौकशी करतो, पण ती कंपनीची करतो. कंपनी खरी आहे ना, नोंदणीकृत आहे ना, तिची मुंबईत कचेरी आहे ना? सर्व उत्तरे होकारार्थी येतात, कारण कंपनी खरीच असते. खोटा असतो तो पत्र पाठवणारा. कंपनी अस्तित्वात आहे हे सिद्ध झाल्याने पत्र तिचेच आहे हे सिद्ध होत नाही. हा फरक एरवी कोणालाही कळेल, पण नेमणूकपत्र हाती पडल्याच्या आनंदात तो सुचत नाही.

पूर्वी नोकरी देणाऱ्याला एक जागा असे. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचे, कार्ड घ्यायचे आणि बोलावणे येण्याची वाट पाहायची, ही एका पिढीची दिनचर्या होती. १९५९ च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांवर रिक्त जागा या कार्यालयांना कळवण्याचे बंधन घातले होते. त्या व्यवस्थेने किती जणांना नोकऱ्या दिल्या हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर फारसे सुखावह नाही. परंतु खिडकीपलीकडे बसणारा कारकून कोण आहे याविषयी कोणाला शंका नसे. लबाडी तेव्हाही होतीच. ‘घरबसल्या पैसे मिळवा, माहितीपत्रकासाठी मनीऑर्डर पाठवा’ अशा छोट्या जाहिराती तेव्हाच्या नियतकालिकांतून येत. मात्र ती लबाडी पोस्टाच्या चालीने चाले. मनीऑर्डरचा फॉर्म भरताना, टपाल कचेरीच्या रांगेत उभे असताना, विचार करायला वेळ मिळे. आज विचाराला जागा उरू नये अशीच सारी रचना आहे. ‘आज सहापर्यंत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.’

पैसे मागितल्याबरोबर उमेदवार सावध का होत नाही, हा प्रश्न राहतोच. नोकरी देणारा पगार देतो, तो पैसे मागत नसतो, हे सूत्र इतके साधे आहे की ते न कळणाऱ्याची कीव यावी. पण हे सूत्र ज्यांनी पुसट केले त्यांत शासनाचाही वाटा आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. २०२३ सालच्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गातील उमेदवाराला ९०० रुपये शुल्क भरावे लागले. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांवर पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे सरासरी शंभरातील नव्व्याण्णवांच्या वाट्याला नुसते शुल्क भरण्याचा अनुभव यायचा हे ठरलेलेच. तारोडीसारख्या गावातील पदवीधराने वर्षभरात अशा चार-पाच ठिकाणी अर्ज केलेला असतो. नोकरी मागायची तर आधी पैसे भरावे लागतात, हा धडा त्याला कोणा भामट्याने दिलेला नाही.

परीक्षाशुल्क कायदेशीर आहे आणि भामट्याची मागणी बेकायदेशीर आहे, हे खरे. दोहोंत एक ठळक फरकही आहे, आणि तो प्रत्येक उमेदवाराने मनाशी घट्ट धरावा असा आहे. परीक्षाशुल्क सर्वांकडून सारखे, जाहीर केलेले आणि निवडीपूर्वी घेतले जाते. ‘तुमची निवड झाली आहे, आता अमुक रक्कम भरा’ असे शासन कधीच म्हणत नाही, आणि कोणतीही बरी खासगी कंपनी तर निवडीपूर्वीही पैसे घेत नाही. परंतु फरक ठळक असला तरी सवय बलवत्तर असते. शुल्काचा आकडा कमी करणे किंवा ते मुळातच काढून टाकणे शासनाला परवडणार नाही असे नाही. त्याने लाखो घरांना दिलासा मिळेलच, शिवाय भामट्याच्या हातातील एक हत्यारही बोथट होईल.

सरकारी नोकरीच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीची मजल कोठवर जाते याचे २०२२ मधले एक उदाहरण विलक्षण आहे. तमिळनाडूतील २८ तरुणांना रेल्वेत तिकीट तपासनीस व कारकून म्हणून नेमल्याचे सांगून नवी दिल्ली स्थानकाच्या फलाटांवर उभे करण्यात आले. रोज आठ तास, सुमारे महिनाभर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायचे, हे त्यांचे ‘प्रशिक्षण’! या नोकरीसाठी त्यांनी मिळून २ कोटी ६७ लाख रुपये दिले होते. ही बातमी वाचून पुष्कळांना हसू आले असेल. पण कोणतीही नवी नोकरी पहिल्या महिन्यात निरर्थकच वाटते, आणि वरिष्ठांनी सांगितलेले निरर्थक काम निमूटपणे करणे ही आपल्या कचेऱ्यांची जुनी शिकवण आहे. मग गाड्या मोजणाऱ्याने शंका कशी घ्यावी? महाराष्ट्रातही त्याच वर्षी असे प्रकरण उघडकीस आले, की लिपिकाच्या जागेसाठी उमेदवारांच्या बनावट मुलाखती खुद्द मंत्रालयाच्या इमारतीत झाल्या आणि त्यांना वैद्यकीय तपासणीसाठी जे. जे. रुग्णालयात नेण्यात आले. विधिमंडळातही त्यावर आवाज उठला. इमारत खरी, रुग्णालय खरे, खोटी फक्त नोकरी.

या विषयाची एक दुसरी बाजू आहे आणि ती तारोडीच्या फार जवळची आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेतील नागरिकांना फोन जात होते. आपण तेथील आयकर खात्यातून बोलत आहोत, तुमच्याकडे कर थकला आहे, आता पोलीस येतील, असे धमकावून प्रीपेड कार्डांच्या रूपाने पैसे उकळले जात होते, असा पोलिसांचा आरोप होता. सुमारे ७७० जणांना ताब्यात घेण्यात आले आणि प्रारंभी ७० जणांना अटक झाली. त्या मजल्यांवर बसलेले बहुसंख्य विशी-पंचविशीतले होते. इंग्रजी बरे बोलता येते, रात्रपाळी चालते, घराजवळ काम आहे, एवढ्या हिशेबाने आलेले. त्यांच्या हाती एक लिखित संवाद देण्यात येई आणि तो अमेरिकन धाटणीने वाचायचा असे. आपण काय करीत आहोत हे त्यांतील किती जणांना पहिल्या दिवशी ठाऊक होते आणि किती जणांना महिनाभरात कळूनही ते थांबले, याचा निवाडा न्यायालयांचा. अमेरिकेत अशाच, अहमदाबादच्या कॉल सेंटरांशी जोडलेल्या एका प्रकरणात २०१८ साली २१ जणांना वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. म्हणजे जे शहर नोकरीच्या आशेने फसते, त्याच शहरात नोकरीच्या आशेने आलेल्या मुलांकडून दुसऱ्यांना फसवण्याचे काम करून घेतले गेले. नेमणूक खरी होती, पगारही हातात पडत होता. खोटा होता तो धंदा. म्हणून नोकरी देणारा पैसे मागतो काय, एवढेच पाहून भागत नाही. काम नेमके कोणाचे आणि कशासाठी, हेही विचारले पाहिजे.

याच साखळीचे सर्वांत क्रूर टोक परदेशात आहे. थायलंडमध्ये संगणकावरचे काम, भरघोस पगार, विमानाचे तिकीट आमचे, असे सांगून तरुणांना नेले जाते, आणि तेथून सीमेपलीकडे म्यानमारमधील कुंपणबंद वसाहतींत कोंडले जाते. तेथे त्यांच्याकडून करवून घेतले जाणारे काम पुष्कळदा हेच असते : मोबाईलवरून अनोळखी माणसांना नोकरीची, गुंतवणुकीची, प्रेमाची भूल घालणे. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी अशा सुमारे साडेपाचशे भारतीयांना थायलंडमार्गे परत आणले. तेव्हा तारोडीतील मुलीच्या मोबाईलवर आलेला तो गोड निरोप लिहिणारा स्वतःच कोठेतरी कैदेत बसलेला असण्याची शक्यता आहे. त्याने निरोपाचा धोका कमी होत नाही; पण राग कोणावर धरायचा हे कळायला मदत होते.

वसई-उत्तनच्या किनारपट्टीला आखातातील व जहाजांवरील नोकऱ्या नव्या नाहीत, म्हणून दोन गोष्टी येथे मुद्दाम सांगितल्या पाहिजेत. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो. तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच घेऊ शकतो, आणि परवानाधारकांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. नोकरीला जायचे आणि व्हिसा मात्र पर्यटकाचा, असे कोणी सुचवले तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. जहाजांच्या बाबतीत नियम याहून कडक आहे. खलाशांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली मान्य केला. त्यानुसार भरतीसाठी खलाशाकडून शुल्क घेणे निषिद्ध आहे. जहाजावर चढवण्यासाठी लाखांच्या गोष्टी करणारा मनुष्य कितीही ओळखीचा असला तरी तो कायद्याबाहेरचा आहे.

उरली चौकशीची रीत. पत्रात, निरोपात दिलेल्या क्रमांकावर फोन करून केलेली चौकशी ही चौकशीच नव्हे. चोरालाच ‘तू चोर काय’ असे विचारण्यासारखे ते आहे. क्रमांक आपण स्वतः, कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून शोधावा, तेथील मनुष्यबळ विभागाला विचारावे, शक्य असेल तर कचेरी गाठावी. शासकीय पत्र असेल तर त्यावर जावक क्रमांक आणि दिनांक असतो. तो घेऊन त्या कार्यालयातील आस्थापना शाखेत विचारले, तर पाच मिनिटांत उलगडा होतो. कारकुनी करणाऱ्या वाचकांना हे सांगायला नको, पण त्यांच्या शेजारच्या घरातील मुलाला ते कोणी सांगितलेले नसते. डोंगरीच्या टेकडीवर मेट्रोच्या कारशेडची योजना आल्यापासून या भागात मेट्रोतील नोकऱ्यांच्या वार्ता उठणार, हे सांगायला ज्योतिषी नको. अशा वेळी वार्ता आणणाऱ्याकडे जाहिरातीचा क्रमांक आणि दिनांक मागावा. तो देता आला नाही तर गोष्ट तेथेच संपते.

कागदपत्रांविषयीही थोडी कंजुषी शिकली पाहिजे. नेमणुकीपूर्वी आधारपत्र, पॅनकार्ड, स्वाक्षरीचा नमुना, बँकेचा तपशील, हे सर्व एका दमात पाठवण्याचे कारण नाही. या कागदांच्या आधारे दुसऱ्याच्या नावे खाते उघडता येते, कर्ज काढता येते. आणि ‘आमचे व्यवहार तुमच्या खात्यातून होऊ द्या, तुम्हाला टक्केवारी देऊ’ अशी नोकरी कोणी देऊ केली, तर ती नोकरी नव्हे, तो गुन्ह्यातील सहभाग आहे. फसवलेल्यांचा पैसा अशाच खात्यांतून पुढे सरकतो, आणि पोलीस प्रथम येतात ते खातेदाराच्या दारी. महाविद्यालयीन विद्यार्थी काही हजारांच्या मोहाने आपले खाते असे भाड्याने देतात आणि पदवीआधीच आरोपी होतात.

एवढे करूनही फसगत झालीच, तर सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पहिला तास. राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनी २०२१ साली सुरू झाली. तिचा क्रमांक आता १९३० असा आहे. तेथे कळवताच पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते, आणि रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की पैसे एका खात्यातून दहा खात्यांत पांगतात. तक्रार संकेतस्थळावर करता येते, उत्तन सागरी पोलीस ठाण्यातही करता येते. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याची सबब सांगून ती नाकारता येत नाही, कारण २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेने कोठल्याही ठाण्यात खबर देण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली आहे. येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिले ते त्याच्या अनुमतीवाचून झालेल्या व्यवहारांबाबत. नोकरीच्या भूलथापेत पैसे उमेदवाराने स्वतःच्या हाताने पाठवलेले असतात, म्हणून त्या परिपत्रकाचा आधार त्याला सहसा मिळत नाही. याच कारणाने तासाभराची तत्परता येथे अधिक मोलाची ठरते.

परंतु तो तास बहुधा लाजेत जातो. घरच्यांना काय सांगायचे, इतके शिकून आपण फसलो कसे, गावात कळले तर? लहान गावात ही लाज शहरापेक्षा जड असते, कारण तेथे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. ‘लोभाची फळे’ हा वर सांगितलेला शेरा नुसता अन्यायाचा नाही, तो घातकही आहे, तो याचसाठी. त्याच्या धाकाने फसलेला मनुष्य गप्प बसतो, गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी आणखी पैसे भरतो, आणि आगीतून फुफाट्यात पडतो. त्याच्या गप्प बसण्याने शेजारच्या घरालाही इशारा मिळत नाही.

शिक्षक, मुख्याध्यापक, कचेरीतील जुनेजाणते लिपिक यांच्याकडे गावातील मुले नेमणूकपत्र घेऊन पेढे द्यायला येतात. त्या पेढ्याआधी पत्र वाचून पाहण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि पत्र घेऊन आलेल्याला न दुखावता दोन प्रश्न विचारण्याचे कौशल्यही त्यांच्यापाशीच आहे. मात्र त्यांनाही एक जोखीम ओळखली पाहिजे. दिल्लीच्या फलाटांवर गाड्या मोजणाऱ्या त्या २८ तरुणांना भामट्यांपर्यंत पोहोचवणारा मनुष्य भामटा नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, त्यांच्याच मुलखातील एक माजी सैनिक होता तो. गावच्या मुलांचे भले व्हावे म्हणून, स्वतःला काही न ठेवता, आपण मध्यस्थी केली असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या शब्दावर विश्वासून मुलांनी पैसे उभे केले. खोटेपणा ध्यानात आल्यावर त्या वृद्धाने तोंड लपवले नाही. दिल्ली पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार नोंदवली ती त्यानेच.